चढावर तू पुढे, तर सामानही तुझ्याकडे

प्रिय मुली,

तुमच्या दोघांचे आकडे मिळाले. दहा दिवसांचा सायकलप्रवास, रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर, सामान आपलं आपणच वाहायचं आणि तयारीला चार महिने. वेळ पुरेसा आहे. ‘नवऱ्याला माझ्या वेगाला कसं आणू?’ असं तू विचारलंयस. ते मात्र चार महिन्यांत होणार नाही. तो नवा आहे, त्यामुळे तुझ्यापेक्षा झपाट्यानं सुधारेल. पण तुझी इतक्या वर्षांची तयारी एवढ्यात भरून निघत नाही. फरक राहणार हे धरूनच चाला. आणि चढावरचा फरक वजनकाट्यावर बराचसा मिटवता येतो, ते आधी सांगते.

चढावर वेग ठरतो तो ताकद भागिले एकूण वजन या हिशेबानं. वजन म्हणजे माणूस, सायकल, सामान सगळं मिळून. तुला तासभर १३० वॅट टिकवता येतात, त्याला १४०. म्हणजे ताकद त्याची थोडी जास्तच आहे. पण तू ५८ किलोची, तो ८२ चा. सायकली १५-१५ किलोच्या, सामान २४. आता तुम्ही ठरवलंय तसं सामान निम्मं-निम्मं घेतलंत, तर तुझ्या वाट्याला किलोमागे १.५३ वॅट येतात, त्याच्या वाट्याला १.२८. त्याला तासाभराचा जो चढ, तो तू पन्नास मिनिटांत चढशील. वर दहा मिनिटं वाट बघशील, गार पडशील, आणि तो धापा टाकत पोचला की ‘चल निघू’ म्हणशील. विश्रांतीची गरज त्याला, आणि मिळते तुला. जोड्यांची निम्मी भांडणं याच जागी होतात.

तेच सामान तू १८ किलो घे आणि त्याला ६ दे. आता तू १.४३, तो १.३६. तोच चढ तुला ५४ मिनिटांचा आणि त्याला ५७ चा. तीन मिनिटांत तुझं पाणी पिऊन होतं आणि जाकीट अंगावर चढतं, तोवर तो आलेलाच असतो. त्याला हे पटणार नाही, मला माहीत आहे. बायकोच्या सायकलवर तिप्पट सामान आणि आपण मोकळे, हे लोकांनी बघावं असं कुठल्या नवऱ्याला वाटेल? त्याच्याशी वाद घालू नकोस. एकाच चढावर एकदा निम्म्या-निम्म्या सामानानं जा, पुढच्या आठवड्यात या वाटणीनं जा, आणि घड्याळ त्याच्याच हातात दे.

अठरा किलो लादलेली सायकल वळणावर वेगळी वागते, ब्रेकला उशिरा दाद देते आणि वजन वर किंवा मागे लटकत असेल तर उतारावर हँडल थरथरायला लागतं. जड वस्तू पिशव्यांच्या तळाशी, चाकाच्या आसाजवळ ठेव. दोन्ही बाजूंचं वजन सारखं असू दे. थोडं पुढच्या चाकावरही जाऊ दे. आणि भरलेल्या सायकलनं उतरायचा सराव कर, नुसता चढायचा नको. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरायचे नाहीत. थोडा वेळ घट्ट दाबायचे, मग सोडायचे, म्हणजे ते तापत नाहीत. उतारावर मात्र तो तुझ्या पुढे जाईल, कारण तिथे वजनाचा फायदा त्याला. जाऊ दे.

आता त्याचे गिअर. सहा टक्क्यांच्या चढावर, म्हणजे शंभर मीटरमागे सहा मीटर उंची चढताना, त्याचा वेग ताशी सातच्या आसपास असणार. त्याच्या चाकाचा घेर साधारण २.२ मीटर, म्हणजे चाक मिनिटाला ५३ फेरे घेईल. तू पाठवलेल्या फोटोत त्याचा सगळ्यात हलका गिअर पुढे ३४ दाते, मागे ३४ असा आहे. म्हणजे पायही मिनिटाला ५३ वेळाच फिरणार, प्रत्येक फेरा जोर लावून. तास-दोन तास असं केलं की गुडघे बोलायला लागतात. पुढे २६ आणि मागे ३६ दाते असतील तर त्याच वेगाला पाय ७३ वेळा फिरतील, आणि तेवढे फिरायलाच हवेत. सुट्या भागांवर खर्च करायचाच असेल तर इथे करा, चकचकीत हलक्या चाकांवर नको.

वर्कमन दाम्पत्य बिनगिअरच्या सायकलींवर हजारो मैल फिरलं, असा दाखला त्यानं दिल्याचं तू लिहिलंयस. दाखला खरा आहे. फॅनी आणि विल्यम वर्कमन १८९० च्या दशकात अल्जीरिया, स्पेन आणि मग भारत सायकलनं फिरले. ती त्याच्याहून बारा वर्षांनी लहान. पण तशा सायकलवर खडा चढ आला की खाली उतरून ढकलणं हा प्रवासाचाच भाग होता. ते तर तुम्हीही शिकून घ्या. वेग ताशी पाचच्या खाली गेला की तोल सांभाळण्यातच ताकद जाते. तिथे सरळ उतरावं आणि चालावं.

सरावात तू सध्या काय करतेयस ते तुझ्या पत्रावरून दिसतं: आठवड्यातून चार दिवस दोघं एकत्र, तुझ्या वेगाला थोडी मुरड घालून. तुझ्या दृष्टीनं थोडी मुरड, त्याच्या दृष्टीनं चारही दिवस परीक्षा. तो रोज दमतोय आणि तुझा पुरेसा व्यायाम होत नाहीये. आठवड्यात दोन दिवस वेगवेगळे जा. तुझे जोराचे चढ-उतार त्या दिवशी उरकून घे. त्यानं तेव्हा सपाटीवर, हलक्या गिअरवर, पाय भरभर फिरवत तास-सव्वा तास चालवावं. शनिवार-रविवार एकत्र, त्याच्या वेगानं. त्याचा वेग म्हणजे कुठला? बोलताना त्याला अख्खं वाक्य एका दमात पुरं करता आलं पाहिजे. शब्दाशब्दाला श्वास घ्यावा लागला तर तू कमी कर.

लांबचं अंतर आठवड्याला दहा टक्क्यांच्या आसपास वाढवा आणि दर चौथ्या आठवड्याला तिसऱ्या हिश्शानं कमी करा. हृदय आणि फुप्फुसं लवकर तयार होतात, स्नायुबंध मागे राहतात. दम पुरतोय म्हणून तो अंतर वाढवत सुटेल आणि गुडघा धरून बसेल. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे किंवा गिअर जड आहे. मागून दुखला तर सीट वर आहे. टाच पेडलवर ठेवून पेडल तळाशी नेलं की पाय जेमतेम सरळ व्हावा, सुरुवातीला एवढं माप पुरे. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळहातातली नस दबतेय. हाताची जागा बदलत राहायची, आणि हँडल फार खाली असेल तर वर घ्यायचं. पॅडची पँट अंतर्वस्त्राशिवाय घालायची असते, हे त्याला तूच सांग. दुकानदार सांगत नाहीत.

दुसऱ्या महिन्यापासून शनिवारच्या लांब फेरीनंतर रविवारी पुन्हा निघा, अंतर कमी असलं तरी चालेल. प्रवासात कसोटी लागते ती दुसऱ्या-तिसऱ्या सकाळी, जड पायांनी पुन्हा सीटवर बसताना. तिसऱ्या महिन्यात पूर्ण सामानासह दोन दिवसांची, शक्य झालं तर तीन दिवसांची फेरी करा. तंबूही त्या दमलेल्या संध्याकाळीच लावून बघा. शेवटच्या दहा-बारा दिवसांत मात्र कमी करा. तेव्हा केलेल्या जादा मेहनतीचा प्रवासात काही उपयोग नाही, थकवा तेवढा सोबत येतो.

पुढे कोण, मागे कोण? चढावर तो पुढे, तू मागे. मागच्याला पुढच्याचा वेग पकडायची ओढ लागते, म्हणून वेग ठरवणारा हळू माणूसच असू दे. समोरून वारा असेल तेव्हा उलट. वाऱ्याचा वेग ताशी २० आणि तुमचा १५ असला तर अंगावर येणारी हवा ३५ ची, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. तेव्हा तू पुढे हो, तो तुझ्या आडोशाला. मीटरभर अंतर ठेवा. त्याचं पुढचं चाक तुझ्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीही येता कामा नये. चाकं घासली तर पडतो तो मागचाच. टँडेम, म्हणजे दोघांनी मागे-पुढे बसून चालवायची एकच सायकल, घ्यावी का, हेही तू विचारलं होतंस. तिच्यात मागे पडण्याचा प्रश्न उरत नाही, हे खरं. पण ब्रेक आणि वळण एकाच्याच हातात राहतं, आणि तुमच्यात कोण मागे बसायला तयार होईल, मला तरी दिसत नाही.

खाण्याबद्दल थोडंच. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, दोघांनाही, भूक लागायची वाट न बघता. मध्यम केळ्यात साधारण २७ ग्रॅम असतात, त्यावरून अंदाज घे. दुपारी तीननंतर तो अचानक गप्प झाला किंवा क्षुल्लक गोष्टीवरून चिडला, तर रागाचं कारण विचारत बसू नकोस, आधी खायला दे. हेच तुझ्याबाबतीत त्यानंही करावं. पाणी तहानेप्रमाणे प्या; उन्हात तासन्‌तास नुसतंच पाणी पोटात ढकललं तर रक्तातलं सोडियम उतरतं, म्हणून सोबत मीठही पोटात जाऊ दे.

पंक्चर दोघांनाही काढता आलं पाहिजे, चेनही दोघांना जोडता आली पाहिजे. सध्या हे सगळं तूच करतेस, असा माझा अंदाज आहे. पुढच्या रविवारी त्याच्या मागच्या चाकातली ट्यूब त्यालाच बदलू दे. तू बाजूला बस आणि बोलू नकोस, हे तुला जड जाईल.

सामानासह दोन दिवसांची फेरी झाली की दोन्ही सायकलींची भरलेली वजनं आणि चढाच्या वेळा कळव. १८ आणि ६ ही वाटणी मी कागदावर काढलीय. तुम्हा दोघांचे चढाचे खरे आकडे आले की किलो-दोन किलो इकडचे तिकडे करू.