गोवराच्या साथीत वेगळी खोली एकच असेल, तर ती कोणाला द्यावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : सांगलीतील २२ खाटांच्या बालरुग्णालयात वेगळी खोली एकच आहे, गोवराची मुले एकापाठोपाठ येऊ लागली, तर ती खोली कोणाला द्यावी, बाकीचा वॉर्ड कसा लावावा आणि आयांना मुलांजवळ राहू द्यावे की नाही. मी सांगली-मिरज भागातील एका रुग्णालयाच्या बालविभागात आधी अधिपरिचारिका आणि नंतर परिसेविका म्हणून काम करून निवृत्त झाले आहे. औषधोपचाराचा निर्णय डॉक्टरांचा असतो, त्यामुळे मी खाटा, दारे, खिडक्या, नोंदवही आणि माणसे यांच्याविषयीच लिहिते. माझ्या अनुभवात साथीच्या दिवसांत वॉर्ड बिघडतो तो याच ठिकाणी.

अंगभर पुरळ उठलेले मूल दारात आले की सगळेच सावध होतात आणि एकुलती खोली त्याला देऊन टाकतात. माझ्या मते गोवराची खात्री असेल, तर ती त्याला देऊ नये. गोवराचा रुग्ण पुरळ उठण्याच्या सुमारे ४ दिवस आधीपासून पुरळ उठल्यानंतर ४ दिवसांपर्यंत इतरांना आजार देऊ शकतो, आणि त्यातल्या पहिल्या ४ दिवसांत त्याच्याकडे पाहून कोणालाही गोवर आठवत नाही. ताप, कोरडा खोकला, वाहणारे नाक आणि पाणावलेले लाल डोळे एवढीच लक्षणे असतात. केसपेपरवर ‘न्यूमोनिया’ किंवा ‘व्हायरल फीव्हर’ लिहिले जाते आणि मूल सर्वसाधारण वॉर्डात येते.

आमच्याकडे नेमके हेच घडले. गळीत हंगाम भरात होता आणि कारखान्याच्या तळावरील ऊसतोड मजुरांची मुले रोज येत होती. त्यांतली दीड वर्षाची एक मुलगी मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता न्यूमोनिया म्हणून दाखल झाली आणि दाराजवळच्या खाटेवर, चालत्या पंख्याखाली झोपवली गेली. शुक्रवारी सकाळी आठला तिचे अंग पुसताना आमच्या मावशींनी हाक मारली, “सिस्टर, हिच्या कानामागं बघा.” पुरळ कानामागून कपाळावर उतरत होते. त्या हॉलमध्ये त्या वेळी १४ मुले होती. त्यांत पाच आणि सात महिन्यांची दोन बाळे होती आणि मूत्रपिंडाच्या आजारासाठी रोज मोठ्या मात्रेत स्टिरॉइड घेणारा सहा वर्षांचा एक मुलगाही होता. दाखल-नोंदवहीतला लसीकरणाचा रकाना निम्म्याहून अधिक मुलांच्या बाबतीत कोरा होता, आणि तो भरून घेण्याची जबाबदारी माझी होती.

संपर्कात आलेल्या मुलाला लस देऊन गोवर टाळता येण्याची शक्यता असते ती संपर्कापासून ७२ तासांच्या आत, आणि हे तास पुरळ दिसल्यापासून मोजायचे नसतात. मंगळवार संध्याकाळपासून शुक्रवार सकाळपर्यंत ६२ तास उलटून गेले होते, म्हणजे आमच्या हातात १० उरले होते. सहा महिन्यांवरील ज्या मुलांच्या लशीचा पुरावा नव्हता त्यांना दुपारपर्यंत लस दिली गेली. स्टिरॉइड घेणाऱ्या मुलाला जिवंत विषाणूची लस चालत नाही आणि पाच महिन्यांचे बाळ लशीसाठी फारच लहान, म्हणून त्या दोघांसाठी इम्युनोग्लोब्युलिनची (तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनची) शोधाशोध करावी लागली; त्याला ६ दिवसांची मुदत असते, एवढाच दिलासा होता. हॉलमधल्या मुलांना आम्ही वेळेत गाठले. परंतु गुरुवारी सकाळी घरी सोडलेले दहा महिन्यांचे एक बाळही संपर्कात आलेल्यांच्या यादीत होते आणि त्याच्या वडिलांचा फोन बंद लागत होता. त्याच्याविषयी शेवटी लिहिते.

तेव्हापासून माझा हिशेब असा झाला. खात्रीने गोवर असलेली दोन मुले शेजारी झोपली तरी एकमेकांना गोवर देऊ शकत नाहीत, म्हणून त्यांना एका छोट्या हॉलमध्ये एकत्र ठेवता येते. संशयित मुलाला मात्र त्यांच्यात ठेवता येत नाही, कारण त्याचे पुरळ दुसऱ्याच कशाचे निघाले, तर त्याला खरा गोवर आपण दिलेला असतो. आणि सर्वसाधारण वॉर्डातही ठेवता येत नाही, कारण संशय खरा निघाला तर सगळा वॉर्ड अडकतो. आपली एकुलती खोली या संशयिताची आहे. तिसरा गट संपर्कात येऊन अजून धडधाकट दिसणाऱ्यांचा. ज्यांची प्रतिकारशक्ती खात्रीची नाही अशी मुले पहिल्या संपर्काच्या ५ व्या दिवसापासून शेवटच्या संपर्काच्या २१ व्या दिवसापर्यंत संशयितच मानावीत. ज्यांना घरी पाठवणे शक्य आहे त्यांना ५ वा दिवस उजाडण्यापूर्वी, लेखी सूचनांसह, घरी पाठवावे.

ही निवड वॉर्डात नव्हे, रुग्णालयाच्या पायरीवर व्हावी लागते. आम्ही हंगामात बाहेरच्या पडवीत एक टेबल मांडत असू आणि केसपेपर काढण्याआधी चार गोष्टी विचारत असू : तापाबरोबर पुरळ आहे का, डोळे लाल आहेत का, घरात किंवा तळावर कोणाला पुरळ उठले आहे का, आणि लशीचे कार्ड कुठे आहे. कार्डावर गोवर-रुबेलाच्या दोन मात्रा दिसायला हव्यात, पहिली ९ ते १२ महिन्यांची आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांची. ज्याच्यावर संशय आहे त्याला ओपीडीच्या बाकावर बसवायचेच नाही. डॉक्टरांनी बाहेर येऊन तपासावे. गोवराचा विषाणू रुग्ण निघून गेल्यावरही बंद जागेतील हवेत २ तासांपर्यंत टिकू शकतो, म्हणून अशा मुलाचा एक्स-रे दिवसाच्या यादीत शेवटी घ्यावा आणि नंतर खिडक्या उघडून खोली तेवढा वेळ रिकामी ठेवावी.

खोली कॉरिडॉरच्या टोकाची निवडावी आणि तिचा स्प्लिट एसी बंद ठेवावा, कारण तो आतलीच हवा फिरवतो. एक्झॉस्ट पंखा हवा बाहेर, आणि तीही लोकांची ये-जा नसलेल्या बाजूला फेकेल असा बसवून दार लावून घ्यावे. हवा योग्य दिशेने वाहते की नाही हे पाहण्यासाठी दाराच्या खालच्या फटीजवळ पेटती उदबत्ती धरावी. धूर खोलीत ओढला गेला पाहिजे. बाहेर आला, तर खोली केवळ नावालाच वेगळी आहे. दोन खाटांमध्ये मीटरभर अंतर ठेवल्याने फ्लूच्या बाबतीत काही उपयोग होतो, गोवराच्या बाबतीत तो धरू नये. आत जाणारी सिस्टर दोन मात्रा झालेली किंवा लहानपणी गोवर येऊन गेलेली असावी, तरीही तिने एन-९५ मास्क वापरावा. गरोदर सिस्टरची ड्युटी तिथे लावू नये.

व्हिटॅमिन ए ची नोंद मी नेहमी स्वतः तपासत असे. गोवराच्या प्रत्येक मुलाला ते लागोपाठ दोन दिवस द्यायचे असते : सहा महिन्यांखाली ५० हजार युनिट, ६ ते ११ महिन्यांत १ लाख, आणि त्यापुढे २ लाख. आपल्याकडील द्रावणात १ मिलिलिटरला १ लाख युनिट असतात, म्हणजे मात्रा अनुक्रमे अर्धा, एक आणि दोन मिलिलिटर. दुसऱ्या दिवशी मुलाला घरी सोडले किंवा रविवार आला की हमखास चुकते ती दुसरी मात्रा.

इतर साथींना हाच नकाशा लावू नका. जुलाबाच्या साथीत धोका हवेत नसून हातांत आणि संडासात असतो आणि तिथे साबण-पाण्याने हात धुणे महत्त्वाचे. डेंग्यूत तर खोली लागत नाही, मच्छरदाणी लागते.

आता आयांचा प्रश्न. मुलाजवळ कोणीतरी राहिलेच पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. अंगावर पिणारे बाळ आईपासून तोडले की ते खात-पीत नाही, श्वास वाढल्याचे पहिल्यांदा जिला कळते ती बाहेर बसते आणि दुसऱ्या दिवशी घरचे लोक सही करून मूल घेऊन जातात. प्रश्न कोणी राहावे एवढाच आहे. १८४६ साली फेरो बेटांवर गोवराची मोठी साथ आली तेव्हा पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरने पाहिले की, १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर येऊन गेला होता ते म्हातारे ६५ वर्षांनीही सुखरूप राहिले. आपल्याकडे गोवराची लस राष्ट्रीय कार्यक्रमात १९८५ साली आली. त्याआधी वाढलेल्या बहुतेक बायकांना लहानपणीच गोवर येऊन गेलेला असतो. त्यामुळे आई गरोदर असेल, किंवा तिला ना लस आठवत असेल ना गोवर, तर खोलीत आजीला थांबवावे. वॉर्डात सगळ्यात जास्त हुज्जत घालणारी ही बाई अशा वेळी सगळ्यात सुरक्षित सोबत ठरते. धाकट्या भावंडांना मात्र आत आणू देऊ नये.

आजी आली की तिच्याबरोबर उशाखाली कडुनिंबाचा पाला येतो आणि वाटीत मनुकांचे पाणी येते. दोन्हींना मी कधी हरकत घेतली नाही. मूल काही पीत आहे हे चांगलेच. भांडण होते ते खिडकीवरून. वारे लागले तर गोवर आत जातो, तो पुरता बाहेर पडला पाहिजे, अशी समजूत घट्ट असल्याने आपली पाठ वळली की खिडकी बंद होते आणि बाळावर दोन चादरी चढतात. “अंधश्रद्धा” म्हणून बोलून काही साधत नाही. मी खाट वाऱ्याच्या झोतातून बाजूला घेत असे, बाळाच्या डोक्याला टोपडे घालू देत असे आणि सांगत असे, “आजी, वारं बाळाला लागणार नाही, पण आजार बाहेर जायला वाट ठेवा.” बहुतेक वेळा खिडकी उघडी राहत असे.

प्रत्येक संशयित रुग्णाची खबर त्याच दिवशी शहरात महापालिकेच्या आणि गावात तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना द्यावी, म्हणजे रक्ताचा नमुना जातो आणि वस्तीवर पथक पोहोचते. ऊसतोडीच्या तळांबाबत इथेच घाई करावी लागते, कारण फड संपला की अख्खा तळ उठून दुसऱ्या गावी जातो. गुरुवारी सोडलेल्या त्या दहा महिन्यांच्या बाळाचे असेच झाले. नवव्या महिन्याची लस स्थलांतरात राहून गेलेली, वडिलांचा फोन बंद, आणि आमचा माणूस शनिवारी तळावर पोहोचला तेव्हा कोप्यांच्या (मजुरांच्या झोपड्यांच्या) जागी राख आणि पाचट होते. दुसऱ्या आठवड्यात ते बाळ तापाने फणफणलेले परत आले, तेव्हा वाटेत दोन दवाखान्यांच्या बाकांवर बसून आले होते. ऑक्सिजनवर आठवडाभर राहून ते बरे झाले. आमच्या दाखल-नोंदवहीत पुढच्या हंगामापासून वडिलांच्या फोनशेजारी मुकादमाच्या फोनचा रकाना आला, आणि तो कोरा असेल तर मी केसपेपर परत पाठवत असे.