घोटा अडतोय तो नेमका कुठे?

प्रश्न : वय ४६. दोन वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडून उजव्या घोट्याचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर होतं. हाड नीट जुळलंय. तरी सकाळची पहिली दहा-बारा पावलं टाच आणि घोटा धरलेला असतो, जिना उतरताना पाऊल तिरकं टाकावं लागतं, उकिडवं बसता येत नाही. शेकून तेल चोळलं की अर्धा तास बरं वाटतं, पुन्हा तेच. काय करावं?
— एक वाचक, सातारा

उत्तर : शेकाने स्नायू तेवढ्यापुरते सैल होतात, प्लास्टरमध्ये आखडलेला सांधा मोकळा होत नाही. म्हणून आधी मोजा. भिंतीसमोर अनवाणी उभे राहा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. टेकला की पाऊल थोडं मागे घेऊन पुन्हा टेकवा. टाच उचलायच्या बेतात आली की थांबा आणि अंगठा ते भिंत हे अंतर पट्टीने मोजा. धडधाकट पायाला साधारण १० सेंमी मिळतं. दोन पायांत २ सेंमीहून जास्त फरक असेल, तर तो भरून काढायचा आहे. इथे हमखास होणारी चूक म्हणजे पाऊल बाहेर वळतं, तळव्याची कमान आत बसते आणि अंतर फुगतं. गुडघा अंगठ्याशेजारच्या बोटाच्या रेषेतच पुढे गेला पाहिजे.

आता ताण कुठे येतो ते बघा. पोटरीत आला तर भिंतीला हात टेकून तो पाय मागे ठेवा, टाच जमिनीला चिकटलेली. ३० सेकंद गुडघा ताठ, मग ३० सेकंद गुडघा वाकवून. असं तीनदा, दिवसातून दोन वेळा. गुडघा वाकवलेला प्रकार बहुतेक जण गाळतात, आणि पोटरीचा खोलवरचा स्नायू तसाच आखूड राहतो.

घोट्याच्या पुढच्या बाजूला चिमटा बसत असेल, तर जोर लावू नका, तिथे सांधाच अडतोय. पाऊल बुटक्या स्टुलावर ठेवा. रबरी पट्टा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांच्या खाली, पुढून अडकवून मागे पलंगाच्या पायाला बांधा आणि गुडघा सावकाश पुढे न्या, दहा वेळा, तीन फेऱ्या. पट्टा वर सरकला तर नुसती नडगी मागे ओढली जाते, उपयोग शून्य. चिमटा तरीही बसला तर हा व्यायाम थांबवा.

सकाळी पलंगावरून उतरण्याआधी पायाची बोटं हाताने नडगीकडे ओढून दहा सेकंद धरा, दहा वेळा.

ताकदीकडे दुर्लक्ष नको. कठडा धरून दोन्ही चवड्यांवर उठायचं, तीन सेकंदांत खाली यायचं. १५च्या तीन फेऱ्या, एक दिवसाआड. जमू लागलं की एका पायावर. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलं, तर फेऱ्या निम्म्या करा. जुन्या दुखापतीला सहा ते बारा आठवडे द्यावेच लागतात.

घोटा मध्येच अडकत असेल, सूज उतरत नसेल, किंवा खडबडीत रस्त्यावर टाचेच्या बाजूला खोल कळ येत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडून उभ्याने एक्स-रे काढून घ्या. पोटरी अचानक सुजून गरम लागली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.