धंदा नवीन आहे. नातेवाईक, मित्र फुकट काम करून मागतात. नाही कसं म्हणायचं?

तुमचं दुकान सहा महिन्यांचं, म्हणजे लोकांना वाटतं हा मोकळाच बसलाय. माझं साताऱ्यात डीटीपी आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे, वीस वर्षं होत आली. पहिली काही वर्षं मीही कुणाला नाही म्हटलं नाही.

पैसे बुडतात हे त्यातलं लहान दुखणं. खरी गोम अशी की फुकटचं प्रूफ, म्हणजे छापायच्या आधी तपासायला दिलेला नमुना, कुणी वाचत नाही. चुलतभावाची पत्रिका मी घरचं कार्य म्हणून केली. प्रूफ दाखवलं तर म्हणाला, "तू केलंयस ना, मग बघायचं काय?" ४०० पत्रिका छापून झाल्यावर कळलं, निमंत्रकांत थोरल्या आत्यांच्या यजमानांचं नाव राहिलंय. यादी त्यानंच दिली होती, पण चूक माझी ठरली. पुन्हा छापल्या, माझ्या खर्चानं. आत्या दोन वर्षं आमच्या घरी आल्या नाहीत ते वेगळंच. पैसे मोजणारं गिऱ्हाईक चष्मा लावून नाव न् नाव वाचतं, वेलांटीवरून भांडतं आणि प्रूफवर सही करून जातं.

तेव्हापासून फुकट कामाचंही बिल फाडतो. डिझाइन ५००, सूट ५००, एकूण ०. खाली लिहिलेलं असतं: दोन करेक्शन, तिसऱ्यापासून १०० रुपये. प्रूफवर सही सगळ्यांची, सख्ख्या मेव्हण्याचीसुद्धा. (तो चिडला होता. पण सही केली.) गंमत म्हणजे ते शून्याचं बिल बघून निम्मे लोक खिशात हात घालतात.

तोंडावर नाही म्हणणं मला अजून जमत नाही. तुळशीचं लग्न झालं की आमचा सीझन. तेव्हा कुणी "पाच मिनिटांचं काम आहे रे" म्हणत आलं, तर सांगतो, रविवारी दुपारी करतो. ज्याला खरंच घाई असते तो दर विचारतो.

गणपती मंडळांचं गणित निराळं. तीच पोरं वर्गणी मागणार आणि पावतीपुस्तकंही फुकट मागणार. मी पुस्तकं छापून देतो, मागे दुकानाचं नाव टाकतो, आणि तीच वर्गणी समजा म्हणतो. रोख वेगळी देत नाही. पहिल्या वर्षी कुरकुर झाली, आता जुलैत स्वतःहून मजकूर आणून देतात.

दहाव्या-तेराव्याच्या कार्डांना मात्र यातलं काही लावू नका. वडिलांचा खिळे (शिशाची अक्षरं) जुळवायचा छापखाना होता, तेव्हापासून आमच्याकडे त्याची मजुरी घेत नाहीत, फक्त कागदाचे पैसे. बिल नाही, सही नाही. ते प्रूफ मी स्वतः दोनदा वाचतो, आणि रात्री अकराला कुणी आलं तरी शटर उघडतो.