आमच्या काळ्या रानात पेरभात येईल का? माती कशी तपासावी?

तुम्ही लिहिलंय की रान परभणीकडचं, काळं आहे, सामू (मातीचा पीएच) ८.२ आलाय आणि चिखलणी-लावणी न करता तिफणीनं भात पेरायचाय. मी माती परीक्षणाच्या कामात आहे, असे अहवाल रोज हातात येतात. बहुतेक जण नत्र, स्फुरद, पालाश बघून अहवालाची घडी घालतात. पेरभातासाठी ते आकडे शेवटी बघा, खतानं ते भरून निघतात. आधी बघायचं ते चुना आणि लोह.

खाचरात पाणी तुंबलं की मातीतली हवा संपते, लोह विरघळतं आणि भाताला आयतं मिळतं. पेरभाताच्या रानात हवा खेळती असते. त्यात सामू ८ च्या वर आणि भरीला चुनखडी असली की लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. मग उगवणीनंतर दोन-तीन आठवड्यांत नवी पानं पिवळी पडायला लागतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. दुखणं वाढलं की पान कागदासारखं पांढरं. लोक युरिया फेकतात आणि काही फरक पडत नाही. नत्र कमी पडलं तर आधी खालची जुनी पानं पिवळी होतात, लोह कमी पडलं तर शेंड्याची नवी. एवढं लक्षात ठेवलं तरी एक गोणी वाचेल.

अहवालात मुक्त चुना (म्हणजे मातीतली चुनखडी) १० टक्क्यांच्या पुढे आणि लोह ४.५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत साडेचार भाग) खाली असेल तर त्या तुकड्यात मी तरी भात पेरणार नाही. लोहाचा आकडा खरा हवा असेल तर नमुना लोखंडी फावड्यानं किंवा खुरप्यानं काढू नका, लाकडी काठी-खुरपं वापरा. बांध, उकिरडा आणि झाडाखालची जागा सोडून आठ-दहा ठिकाणची २० सेंटिमीटरपर्यंतची माती एकत्र करा आणि सावलीत वाळवा.

प्रयोगशाळेआधी रानातच बरंच कळतं. दोन फूट खड्डा खणा. भिंतीत पांढरे खडे दिसले तर त्यावर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर चुनखडी. फुटाभरातच मुरूम लागला तर विषय संपला, कारण भाताची बहुतेक मुळं वरच्याच थरात असतात आणि पोटरी-फुलोऱ्यात आठवडाभर उघडीप पडली तरी पळिंज, म्हणजे पोकळ दाणे, वाढतं. ओली माती अंगठ्यानं दाबून तिची लांब पट्टी निघाली तर ओल धरून ठेवणारी जमीन आहे. उताराच्या माथ्यापेक्षा पायथ्याचं रान केव्हाही बरं. आणि गेल्या वर्षी त्याच रानात भुईमुगाचे किंवा सोयाबीनचे शेंडे पिवळे पडले होते का ते आठवा, तीही लोह कमी पडल्याचीच खूण असू शकते.

लव्हाळा-हरळीनं भरलेलं रान मात्र माती कितीही चांगली असली तरी नको. पेरभातात तण दाबायला पाणी नसतं, खुरपणीच्या मजुरीतच भात संपतो.

चुना मध्यम असेल तर भागतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे प्रभावती, पराग, अंबिका हे वाण पेरभातासाठीच आहेत. पिवळेपणा दिसताच १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि थोडं सायट्रिक अॅसिड मिसळून फवारा, आठवड्यानं पुन्हा. द्रावण ताजंच वापरा, तांबूस झालं की ते वाया गेलं. नुसतं जमिनीत टाकलेलं फेरस सल्फेट चुना गिळून टाकतो, द्यायचंच तर शेणखतात मुरवून द्या.

मुक्त चुन्याचा आणि लोहाचा आकडा अहवालात असेल तर खाली लिहा, बघून सांगतो.