सोसायटीमागचा अड्डा: फोन कुठे, अर्ज कुठे, आणि घरातलाच मुलगा त्यात असेल तर

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याच्या उपनगरातली सोसायटी, मागे बंद पडलेली साइट, रात्री दहानंतर तिथे नशेसाठी पोरं जमतात. दोनदा ११२ ला फोन केला, गाडी आली, पोरं पांगली, गाडी गेली की परत हजर. शिवाय पार्किंगमधून दुचाकींच्या बॅटऱ्या चोरीला. आता काय करायचं?

११२ चालू मारामारीसाठी, कोयता घेऊन कोणी फिरत असेल तर. तेव्हा जरूर फिरवा. अड्डा त्याने मोडत नाही, कारण पोलिसांची गाडी लांबूनच दिसते आणि माल कोणाच्या खिशात नसतोच. पुड्या भिंतीच्या भोकात, मीटरच्या पेटीवर, भंगार गाडीच्या सीटखाली. माल ताब्यात सापडला नाही की गुन्हा उभा राहणं अवघड. सापडला तरी अंगझडतीआधी अमली पदार्थांच्या कायद्याच्या (एनडीपीएस) कलम ५० प्रमाणे राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडतीचा हक्क सांगावा लागतो. तिथे चूक झाली की केस कोर्टात पडते. पोलीस टाळतात असं वाटतं, त्यात थोडं हेही असतं.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. विकणाऱ्याची माहिती गुपचूप द्यायची, जागेची तक्रार उघड करायची.

विकणाऱ्याबद्दल १९३३ वर सांगा. ही 'मानस' हेल्पलाइन २०२४ साली सुरू झाली, नाव न सांगता माहिती देता येते. (१४४१६ ही 'टेलि-मानस', मानसिक आरोग्यासाठी. नावं इतकी सारखी ठेवण्याची बुद्धी कोणाला झाली देव जाणे.) किंवा गुन्हे शाखेच्या अमली पदार्थ विरोधी पथकाला सांगा. माहिती कोणी दिली हे सांगायची सक्ती अधिकाऱ्यावर करता येत नाही, कलम ६८. पण "पोरं नशा करतात" ही माहिती नव्हे. दोन आठवडे वहीत लिहा: वार, वेळ, गाडीचा नंबर, कोण थांबतो आणि कोण दोन मिनिटांत येऊन जातो. दोन मिनिटांत जाणारे गिऱ्हाईक, थांबणारा तो विकणारा किंवा त्याचा पहारेकरी. पुडी दिसली तरी उचलू नका. तुमच्या हातात आली की ती तुमच्या ताब्यात आली. आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकू नका, त्या ग्रुपमध्ये कोणाचा तरी पोरगा असतोच.

जागेचा अर्ज मात्र लेटरहेडवर, शेजारच्या दोन सोसायट्यांना सोबत घेऊन. एक प्रत पोलीस ठाण्याला, एक महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला. दोन्हीकडे आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. मागणी मोजकी ठेवा: साइटच्या मालकाला कुंपणाची नोटीस, बंद दिवे चालू करणं, दिव्यावर आलेल्या फांद्या छाटणं, बेवारस गाड्या उचलणं. पैकी गाड्या उचलल्याचा फरक सर्वात आधी दिसतो, कारण लपवायची जागाच जाते.

बॅटऱ्यांचं म्हणाल तर कॅमेरे असून फुटेज नसतं हे नेहमीचं रडगाणं. २ मेगापिक्सेलचे आठ कॅमेरे सतत रेकॉर्ड करत असतील तर १ टीबी डिस्क साधारण आठवडाभर पुरते, आणि चोरी कळते दहा दिवसांनी. ४ टीबी टाका. डीव्हीआरचं (रेकॉर्डिंग यंत्राचं) घड्याळ दर महिन्याला तपासा, वीस मिनिटं पुढे असलं की वकील तेवढंच धरून बसतो. गेटचा कॅमेरा उंचावर समोरून लावला की रात्री हेडलाइटमुळे नंबरप्लेट पांढरी दिसते. खाली आणि बाजूने लावा. फुटेज पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

भाड्याचे फ्लॅट विसरू नका. आपल्या जागेत हे चालतंय हे माहीत असून चालू देणाऱ्या मालकाला एनडीपीएसच्या कलम २५ खाली त्याच गुन्ह्याची शिक्षा आहे. भाडेकरूची पोलिसांकडे नोंद नसेल तर हे कलम मालकाला वाचून दाखवा, काम पटकन होतं.

आता घरातल्यांसाठी. सध्या पुण्यात जास्त ऐकू येतं ते एमडी, म्हणजे मेफेड्रोन. त्याला अफूची शेती लागत नाही, रसायनं लागतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंडजवळ कुरकुंभच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात शेकडो किलो सापडलं होतं. कायद्यात एमडीचं २ ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण, ५० ग्रॅमच्या वर व्यापारी. अल्प प्रमाणाला वर्षभरापर्यंत, व्यापारीला दहा ते वीस वर्षं, आणि जामीन अतिशय कठीण. "मित्रांसाठी ठेवलं होतं" म्हणणाऱ्या पोराला या दोन आकड्यांमधलं अंतर समजावून सांगा: मधल्या प्रमाणालाही दहा वर्षांपर्यंत आहे.

स्वतःहून मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचार घेतले तर नशा करणाऱ्यावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा खटला चालत नाही (एनडीपीएस कलम ६४ अ), फक्त उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण जाऊ शकतं. एमडीला पर्यायी औषध नाही. बंद केल्यावर मुलगा खूप झोपतो, मग खचतो, आणि त्या दिवसांत त्याला एकटं ठेवू नका. गोळ्यांचं उलट आहे. अल्प्राझोलाम ही चिंता-झोपेची गोळी, जिला मालेगावकडे 'कुत्ता गोली' म्हणतात, ती एकदम तोडली तर फिट येऊ शकते. खोलीत कोंडून 'सोडवणं' इथेच जिवावर बेतू शकतं. डॉक्टर हळूहळू कमी करतात. गर्दवाल्यांसाठी (हेरॉइन घेणाऱ्यांसाठी) ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधं आहेत.

विचारायला १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय नंबर आहे. येरवड्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे. दुसरं कुठलं केंद्र पाहत असाल तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाचं नोंदणीपत्र बघायला मागा, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात ते विचारा, आणि पहिल्या महिन्यात भेटू देतात का तेही. "गाडी पाठवतो, उचलून आणतो" म्हणाले तर फोन ठेवा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ प्रमाणे मनाविरुद्ध दाखल करायला आधी दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, आणि सुरुवातीची मुदत ३० दिवसांपर्यंतच आहे.