गुडघेदुखीवर अनवाणी धावणे हा उपाय आहे का?

प्रश्न : माझे वय 46 असून गेली काही वर्षे मी जाड कुशनचे बूट घालून डांबरी रस्त्यावर नियमित धावतो. अलीकडे उजवा गुडघा दुखू लागला आहे. आमच्या गटातील एक ज्येष्ठ धावपटू अबेबे बिकिला यांचा दाखला देऊन बूट सोडण्याचा आग्रह धरतात. त्यांचे ऐकावे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : हा दाखला खरा असला, तरी अर्धवट आहे. इथिओपियाच्या बिकिला यांचा सराव अनवाणी झालेला होता आणि रोममध्ये मिळालेले बूट त्यांच्या पायाला नीट बसत नव्हते, म्हणून 1960 च्या ऑलिंपिकमध्ये ते अनवाणी धावले व 2 तास 15 मिनिटे 16 सेकंदांत मॅरेथॉन जिंकले. 1964 मध्ये टोकियोत त्यांनीच बूट घालून 2 तास 12 मिनिटे 11 सेकंदांत पुन्हा सुवर्णपदक मिळवले.

जाड गादीच्या बुटात बहुतेकांची टाच आधी टेकते. अनवाणी धावण्याची सवय असलेले अनेक जण चवड्यावर किंवा सपाट पावलावर उतरतात आणि त्यामुळे पाऊल टेकतानाचा झटका सौम्य होतो, असे हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांनी 2010 मध्ये दाखवले. तथापि, केनियातील दासनाच जमातीच्या लोकांपैकी बरेच जण बेताच्या वेगात अनवाणी धावतानाही टाचेवरच उतरतात, असे नंतरच्या अभ्यासात दिसले.

चवड्यावर उतरल्याने गुडघ्यावरचा भार हलका होतो हे खरे, पण तो नाहीसा होत नाही. तो पोटरी, टाचेमागची कंडरा आणि पावलाची लांब हाडे यांच्याकडे सरकतो, आणि वर्षानुवर्षे बुटांत राहिलेल्या पायाला त्याची सवय नसते. नेहमीचे बूट सोडून अगदी पातळ तळव्याच्या बुटांकडे वळलेल्या धावपटूंची दहा आठवड्यांनी एमआरआय तपासणी केली, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांच्या पावलांच्या हाडांत सूज वाढलेली आढळली. गुडघ्याचे दुखणे पावलात नेण्यात कसला फायदा?

म्हणून तुम्ही बूट एकदम सोडू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच बुटांत, त्याच वेगाने धावताना पावले थोडी आखूड टाका आणि मिनिटातील पावलांची संख्या पाच ते दहा टक्क्यांनी वाढवा. एवढ्यानेही गुडघ्यावरचा भार कमी होतो आणि हा बदल पायाला सोसतो. गुडघ्याला सूज असेल, तो अडकत असेल किंवा रात्रीही ठणकत असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

दुखणे थांबल्यावर अनवाणी धावून पाहावेसे वाटले, तर गवताळ मैदानावर, धावणे संपत आल्यावर, काही मिनिटांपासून सुरुवात करा व पोटऱ्या दुसऱ्या दिवशीही आखडलेल्या राहिल्या तर वेळ वाढवू नका. मधुमेहामुळे तळपायाची संवेदना कमी झाली असेल, तर मात्र अनवाणी धावणे पूर्णपणे टाळावे, कारण रुतलेला काटा वा काच कळतच नाही आणि जखम चिघळल्यावरच लक्षात येते.