घशात दाब, वर न येणारा ढेकर आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल

तुमचं सगळं नीट वाचलं. म्हणजे वय २९, संध्याकाळ झाली की गळ्यावर कोणीतरी अंगठा दाबून धरल्यासारखं वाटतं, गॅस वर येतोय असं कळतं पण ढेकर काही येत नाही, छातीत नि घशात डराव डराव आवाज, रात्रीपर्यंत पोट टम्म, दुर्बीण सोनोग्राफी थायरॉईड सगळं नॉर्मल, आणि शेवटी "टेन्शन घेऊ नका" ऐकून घरी. वर दिवसातून दोनदा इनो चालू आहे आणि पुढच्या महिन्यात कंपनीच्या कामासाठी ऑनसाईट जायचंय त्या विमानाची धास्ती. मी डॉक्टर नाही, पण घशातला गोळा घेऊन बरीच वर्षं जगतेय आणि या भानगडीवर जे मिळेल ते वाचलंय, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

आधी नावडतं बोलून घेऊ. जिना चढताना, भराभर चालताना किंवा सामान उचलताना घसा, जबडा, छाती आवळल्यासारखी होते आणि थांबलं की पाच-दहा मिनिटांत बरं वाटतं, असं असेल तर तो गॅस धरायचा नाही, हृदयाची तपासणी करायची. आणि पडून काढलेला साधा ईसीजी नॉर्मल आला म्हणून विषय संपत नाही, स्ट्रेस टेस्ट (पट्ट्यावर चालवून काढतात तो ईसीजी) लागेल का ते विचारायचं. आपल्याकडे "गॅस झालाय" म्हणत सोडा पिऊन सोफ्यावर वाट बघत बसलेली माणसं मी पाहिलीत. दाब अचानक आला, घाम फुटला, दम लागला, हात भरून आला तर सरळ १०८. तुमचा त्रास संध्याकाळी जेवणानंतर वाढतो, चालण्याशी संबंध नाही असं तुम्ही लिहिलंय, पण हे वाचणारे बाकीचेही असतील म्हणून लिहिलं. तसंच घास अडकणं, वजन उतरणं, मानेला गाठ, एकाच बाजूला दुखणं ते कानापर्यंत जाणं, तीन आठवड्यांच्या वर बसलेला आवाज, काळी शी, रक्ताची उलटी, यातलं काहीही असेल तर पुढचं वाचत बसू नका, अपॉइंटमेंट घ्या. तंबाखू, गुटखा, मिश्री असेल तर दुप्पट घाई. आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांचं पोट नव्याने रोज फुगायला लागलं तर अंडाशयाची सोनोग्राफी झालीच पाहिजे, त्याला वयाचा गॅस म्हणून सोडू नये.

आता तुमचं. तुम्ही सगळं लिहिलंत पण एक गोष्ट लिहिली नाही, आणि तुम्हाला ती कोणी विचारलीही नसणार. तुम्हाला आयुष्यात कधी ढेकर आलाय का? आजकाल येत नाही असं म्हणत नाहीये मी. शाळेत असताना, कोल्ड्रिंक पिऊन, मित्रांसारखा मोठ्ठा ढेकर कधी काढता आलाय का? घरी विचारा, लहानपणी कसं होतं ते आईला आठवत असेल. आणि उलटी सहज होते का, की नुसता जीव जातो आणि बाहेर काही पडत नाही?

हे विचारायचं कारण असं की घशाच्या तळाशी, कंठमण्याच्या जरा खाली, अन्ननलिकेच्या तोंडाशी एक गोल स्नायू असतो, क्रिकोफॅरिंजियस म्हणतात त्याला. एरवी तो बंदच असतो, गिळलं की क्षणभर उघडतो. पोटात हवा साठली की अन्ननलिकेचा खालचा दरवाजा सैल पडतो, हवा अन्ननलिकेत वर येते आणि त्या ताणाने हा वरचा स्नायू उघडतो, तो ढेकर. काही जणांचा हा स्नायू सोसायटीच्या वॉचमनसारखा असतो, आत येणाऱ्याला गेट उघडतो पण बाहेर जाणाऱ्याला काही केल्या सोडत नाही. मग हवा वर येते, दारावर आपटते, परत खाली जाते, पुन्हा वर येते, त्याचाच तो डराव डराव आवाज आणि त्याचाच गळ्यावरचा दाब. दिवसभर प्रत्येक घासाबरोबर, प्रत्येक घोटाबरोबर थोडी हवा आत जातच असते, त्यामुळे सकाळी बरं आणि संध्याकाळी वाईट. वरून मार्ग नाही म्हटल्यावर ती सगळी खालून निघते, त्याची लाज वेगळीच. लोक ऑफिसात बसून राहतात, लग्नकार्य टाळतात, जेवणाच्या टेबलावर पोट बिघडलंय म्हणून सांगतात.

याला रेट्रोग्रेड क्रिकोफॅरिंजियल डिसफंक्शन असं लांबलचक नाव आहे, आर-सीपीडी. ढेकर न येणारी माणसं डॉक्टरांना पूर्वीपासून अधूनमधून दिसत होती, पण अमेरिकेत शिकागोजवळच्या डॉ. रॉबर्ट बॅस्टियन यांनी २०१९ मध्ये ५१ पेशंटची माहिती छापली तेव्हा याला नीट नाव, लक्षणांचा संच आणि उपचार मिळाला. म्हणजे हे एवढं नवीन आहे की तुमच्या डॉक्टरांनी शिकताना पुस्तकात वाचलेलं असण्याची शक्यताच कमी, त्यांच्यावर राग धरू नका. आणि रिपोर्ट नॉर्मल का आले तेही यातच आलं. दुर्बिणीत जखम दिसते, सूज दिसते, गाठ दिसते. स्नायू ऐन वेळी उघडत नाही हे गुंगीत असताना काढलेल्या फोटोत कुठून दिसणार? याचं निदान मुख्यतः ऐकून होतं: ढेकर येत नाही, घशात आवाज, पोट-छाती फुगणं, खालून भरपूर गॅस. हे चारही असतील आणि लहानपणापासून असेल तर बरंचसं नक्की झालं.

उपचार म्हणजे त्या स्नायूत बोटॉक्सचं, म्हणजे स्नायू सैल पाडणाऱ्या औषधाचं इंजेक्शन, बहुतेकदा भूल देऊन. त्यानंतर काही आठवडे गिळायला जरा जड जातं, घास सावकाश उतरतो, थोडं आंबट वर येऊ शकतं, आणि मग ढेकर यायला लागतात. बोटॉक्सचा असर तीन-चार महिन्यांत ओसरतो पण तोवर स्नायू शिकलेला असतो म्हणून बऱ्याच जणांचा ढेकर पुढेही टिकतो, काहींना दुसरं इंजेक्शन लागतं. इथे कोणाकडे जायचं म्हणाल तर पोटाच्या डॉक्टरांपेक्षा आवाजाचं, स्वरयंत्राचं काम करणारे ईएनटी गाठा, लॅरिंजॉलॉजिस्ट म्हणतात त्यांना. आवाजाच्या एका आजारात ते स्वरयंत्रात बोटॉक्स देतातच, त्यामुळे ही गोष्ट त्यांना परकी वाटत नाही. जाताना मोबाईलवर तो डराव आवाज रेकॉर्ड करून न्या, जेवणानंतर फोन गळ्याशी धरून. दहा मिनिटं सांगण्यापेक्षा तीस सेकंदांचं रेकॉर्डिंग जास्त बोलतं. लगेच इंजेक्शन घ्या असं मी म्हणत नाहीये हं, पण निदान नाव तरी कळेल.

आणि ते इनो बंद करा! त्यात सोडा नि सायट्रिक आम्ल असतं, पाण्यात पडलं की कार्बन डायऑक्साईड फसफसतो. ज्याला ढेकर येतो त्याला एक मोठा ढेकर येऊन मोकळं वाटतं, हीच त्याची गंमत. ज्याला येतच नाही तो फुगलेल्या पोटात वरून आणखी गॅस ओततोय. लिंबू सोडा, जिरा सोडा, कोल्ड्रिंक सगळ्याचं तेच. एकदा सोडा प्यायल्यावर काय होतं ते आठवून बघा, ढेकर येऊन बरं वाटतं की घसा फुटेल असं होतं? दुसरं असेल तर वरच्या प्रश्नाचं उत्तर अर्धं मिळालंच.

आता समजा तुम्हाला ढेकर येतात, आधी छान यायचे आणि हे दोन वर्षांतच सुरू झालंय. मग गोष्ट वेगळी, माझ्यासारखी. याला ग्लोबस म्हणतात, घशात गोळा असल्याची जाणीव. ईएनटीकडे येणाऱ्या नवीन पेशंटपैकी साधारण ४ टक्के याच तक्रारीचे असतात, म्हणजे अजिबात दुर्मिळ नाही. खूण अशी की जेवताना गोळा जातो आणि नुसतं बसलं की परत येतो. घास अडकत नाही, आवंढा अडकतो. आणि मग आपण काय करतो, तो गेला का बघायला परत आवंढा गिळतो, परत गिळतो, खाकरतो, परत गिळतो. प्रत्येक कोरड्या आवंढ्याबरोबर हवा पोटात, आणि तो स्नायू आणखी आवळतो. घसा नि गॅस असे दोन आजार आहेत असं मला कितीतरी दिवस वाटायचं, पण बऱ्याच जणांच्यात एकाच सवयीची ती दोन टोकं असतात. मी आता आवंढा गिळावासा वाटला की पाण्याचा छोटा घोट घेते, खाकरावंसं वाटलं की तोंड मिटून नाकाने सावकाश श्वास सोडते. ऐकायला फालतू वाटतं, मलाही वाटलं होतं, पण सगळ्या गोळ्यांपेक्षा याचा फरक जास्त पडला. च्युइंगम सोडलं, त्यातही दुहेरी तोटा, चघळताना हवा जाते आणि शुगरफ्रीमधलं सॉर्बिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घातलेला गोडवा, आतड्यात आंबून वेगळा गॅस करतं.

टेन्शनबद्दल. "टेन्शन घेऊ नका" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं, पण टेन्शनचा संबंधच नाही असंही नाही. ताणात हा स्नायू घट्ट होतो आणि माणूस हवा जास्त गिळतो. त्याचा अर्थ त्रास खोटा आहे असा होत नाही, एवढं घरच्यांना समजावलं तरी निम्मं काम होतं. पोटाने श्वास घ्यायचा सराव करा, एक हात छातीवर एक पोटावर, फक्त पोटावरचा हलला पाहिजे. जेवणाआधी पाच मिनिटं, झोपताना पाच मिनिटं.

हाच श्वास तिसऱ्या प्रकारच्या लोकांनाही लागू पडतो. ज्यांना एका मिनिटात दहा-पंधरा ढेकर येतात, पाठ चेपली, हातपाय दाबले की ढेकर, आणि घरचे म्हणतात अंगात गॅस भरलाय, डोक्यात गॅस गेलाय. प्रत्येक घरात एक आत्या अशी असतेच. पायात नि डोक्यात गॅस जात नाही, तिथे जायला रस्ताच नाही. ती हवा पोटातली नसतेच, नकळत घशातून आत ओढली जाते आणि लगेच बाहेर फेकली जाते. झोपेत ते ढेकर बंद असतात यावरून ओळखायचं.

ॲसिडिटीच्या गोळ्यांवर फार भरवसा ठेवू नका. पॅन्टोप्राझोल आम्ल कमी करतं, गॅस नाही. आंबट पाणी वर येत असेल, सकाळी आवाज बसत असेल तर डॉक्टर सांगतील तेवढे आठवडे घ्या, पण जेवणाआधी अर्धा तास उपाशीपोटी, जेवून घेतली तर तेवढा उपयोग होत नाही. जोडीला डॉम्पेरिडोन (मळमळ-उलटीवरचं औषध) असेल तर ती महिनोन्महिने मनाने चालू ठेवायची गोळी नाही, हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. आणखी एक, पुन्हा कधी दुर्बीण झालीच तर डॉक्टरांना आधीच विनंती करा की नळी बाहेर काढताना अन्ननलिकेचा अगदी वरचा भाग सावकाश बघा. तिथे कधी कधी पोटासारख्या अस्तराचा छोटा पट्टा असतो, इनलेट पॅच, आणि नळी तिथून भर्रकन जाते त्यामुळे तो सुटतो. काहींचा गोळा त्याच्यामुळे असतो.

खाण्याबद्दल प्रत्येकजण सल्ला देतो म्हणून थोडक्यात. कांदा, लसूण, गहू, वाल, छोले, राजमा, दूध हे आतड्यात जास्त आंबतं. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाने लो-फॉडमॅप आहार तयार केलाय तो यावरच आहे. पण तो चार-सहा आठवडे करून एकेक पदार्थ परत सुरू करून बघायचा असतो, जन्मभर मऊ भात खात बसायचं नसतं. मी बघितलंय, लोक घाबरून एकेक गोष्ट सोडत जातात आणि शेवटी अशक्तपणाने वेगळेच आजारी पडतात. कांदा गेला तरी फोडणीला हिंग आहे. मूगडाळ बहुतेकांना चालते. रात्रीचं जेवण लवकर, जेवताना मोबाईल नको कारण मोबाईल बघत माणूस बकाबका गिळतो, जेवल्यावर शतपावली, आणि फारच फुगलं तर डाव्या कुशीवर पडा किंवा पवनमुक्तासन करा, खालून मोकळं झालं की घशावरचा दाबही उतरतो. उपासाला साबुदाणा खिचडी, वर बटाट्याची भाजी, वर शेंगदाण्याचं कूट असला प्रकार तेवढा टाळा.

विमानाचं विचारलंत. उंचावर केबिनमधला दाब जमिनीपेक्षा कमी असतो, साधारण ६ ते ८ हजार फुटांवर असल्यासारखा, त्यामुळे पोटात अडकलेला गॅस पाव पटीने तरी फुगतो. म्हणजे त्रास वाढतो हा तुमचा भ्रम नाहीये. आदल्या दिवशी कडधान्यं नकोत, विमानात सोडा, बिअर, च्युइंगम काही नको, उतरताना कानांसाठी गोळी चघळण्याऐवजी पाण्याचे घोट घ्या. कंबरेला सैल कपडे, सीट आयलची मागून घ्या म्हणजे दर तासाला उठून मागे चक्कर मारता येईल, आणि मागच्या बाथरूमपाशी इंजिनचा आवाज एवढा असतो की तिथे लाजायचं काही कारण नाही. ढेकराचं काय ते मात्र जाण्याआधी कळवा, तिकडेच एखादा लॅरिंजॉलॉजिस्ट गाठता येईल का ते कंपनीचा इन्शुरन्स काय काय कव्हर करतो ते बघून ठरवता येईल.